टपालानं आलेली आसनं

३ फेब्रुवारी

ताई,

आधी खाली बस. बसलीस? आता वाच. तुझा ढब्बू लग्न करतोय.

हवं तर पुन्हा वाच, मीही आरशासमोर उभं राहून स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. वय अठ्ठेचाळीस, डोक्यावर केस मोजून उरलेले, आणि पोट असं की बुटाची नाडी बांधायला वाकलो तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तरीही एका बाईनं हो म्हटलंय. ती मुलांना पोहायला शिकवते. पंचेचाळीस वर्षांची आहे, खांदे माझ्यापेक्षा रुंद, आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. तिच्या वडिलांची कवळी मी केली होती. कवळी बोचते म्हणून ती आमच्या दातांच्या लॅबमध्ये भांडायला आली, आणि एकूण चार वेळा आली. चौथ्या वेळी कवळी बोचत नव्हती.

लग्न २९ मे रोजी. कचेरीत सह्या, मग तीस माणसांचं जेवण, संपलं. थाटमाट दोघांनाही नको आहे. पण माझी अवस्था फार वाईट आहे ग. ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथं लिफ्ट नाही. परवा दुसऱ्या मजल्यावर मला इतकी धाप लागली की कुणाच्या तरी दारावरची पाटी वाचत असल्याचं नाटक करावं लागलं. शिवाय लग्न ठरल्यापासून झोप उडाली आहे आणि हात थरथरतो. दिवसभर मान खाली घालून मेणात दात बसवणाऱ्या माणसाचा हात थरथरून कसं चालेल? काल एक समोरचा दात तीनदा वाकडा बसला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, धसका घेतलाय तुम्ही.

तू सव्वीस वर्षं योगाचा वर्ग घेतेस. गावभरच्या पाठी सरळ केल्यास, सख्ख्या भावाची तेवढी राहिली. मला टपालानं शिकव. तू फोन उचलत नाहीस, नोव्हेंबरपासून पत्रही नाही. कामात असशील म्हणून मी गप्प होतो, आता नाही राहणार.

आणि २९ तारखेला तू माझ्या शेजारी उभी हवीस. माझ्या बाजूनं दुसरं आहे कोण? आई-बाबा गेले तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस आणि मी आठ. तुला हे सांगायची काही गरज नाही, पण लिहिता लिहिता लिहिलं गेलं.

तुझा,
ढब्बू


१५ फेब्रुवारी

ढब्बू,

बसलेलीच होते. पत्र वाचून इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून वर आल्या. मग रडले, तेही त्यांनी पाहिलं.

टाइप केलेलं पत्र पाहून दचकू नकोस. वर्गासाठी एक छोटी पुस्तिका करायचं मनात आहे, म्हणून जुना टाइपरायटर मिळवलाय. हात बसावा म्हणून हल्ली सगळं त्यावरच लिहिते. फोनवर मला अलीकडे नीट ऐकू येत नाही, तेव्हा त्याचा राग धरू नकोस.

शिकवते. पण माझा नियम तुला ठाऊक आहे. जे आसन त्या दिवशी सकाळी मी स्वतः केलेलं नाही, ते मी कुणाला सांगत नाही. पुस्तकातून उतरवून देणाऱ्या शिक्षकांचं मला काडीचंही कौतुक नाही. खाली लिहिलंय ते आज सकाळी सात वाजता मी करून पाहिलेलं आहे. तू तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही.

चटईवर उताणा झोप. डोळे मीट. दहा श्वास, आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव. मग डावा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचल, पाच श्वास धर, हळू खाली आण. असं पाच वेळा. उठून बस. डावा हात कानाला लावून वर ताण, दहा श्वास. मान सावकाश डाव्या खांद्याकडे वळव, परत मध्ये आण. शेवटी शवासन. शवासनात घोरायचं नसतं.

मोठ्या आवाजाच्या बायका मला आवडतात, त्यांच्या मनात काही राहत नाही. तुझ्या त्या पोहणारीला मी मासोळी म्हणणार. तिला सांग, तुला लहानपणी पाण्यात उतरवायला मला तीन उन्हाळे लागले होते.

येण्याचं पाहू. मे अजून लांब आहे.

ताई


६ मार्च

ताई,

दोन आठवडे झाले, एक दिवस चुकवलेला नाही. तू सांगितलंस तेवढंच, तसंच. लहानपणी तू म्हणायचीस, दात वरून खाली घास, तर मी आजतागायत वरून खालीच घासतो. पहिल्या दिवशी पाय वीतभर उचलला आणि खाली आणताना टेबलावरचा दिवा पाडला. आता दिवा दुसऱ्या खोलीत ठेवलाय.

पण खरं सांगू? झोप यायला लागली. ते लांब श्वास सोडणं कामी आलं. परवा एका म्हाताऱ्या गायिकेचे वरचे सगळे दात लावले, एकही वाकडा नाही. तिसऱ्या मजल्यावर जाताना आता एकदाच थांबतो, आणि पाटी वाचत नाही, सरळ कठड्याला धरून उभा राहतो. मासोळी (नाव तिला फार आवडलं, तिच्या वडिलांनीही उचललं) वरून ओरडते, "श्वास पोटातून घ्या." मी म्हणतो, मला शिकवणारी वेगळी आहे, तू मध्ये पडू नकोस.

लॅबमधला सहकारी म्हणतो, सूर्यनमस्कार घातल्याशिवाय पोट जागचं हलणार नाही. घालू का? की आधी उभ्यानं करायची सोपी आसनं सांगतेस?

तिकीट काढून पाठवू का? रात्रभराचा प्रवास आहे, तुला खालची जागा बघतो. चार दिवस आधी ये. मोठ्या खिडकीची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतोय, रंग कोणता हवा ते कळव.

ढब्बू


१७ मार्च

ढब्बू,

सूर्यनमस्कारांची घाई नको. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी दिसत नाही त्यानं सूर्याला तसदी देऊ नये. उभ्यानं करायचं काहीच सध्या नको.

या पंधरवड्यात वक्रासन कर. दोन्ही पाय लांब करून बस. डावा गुडघा उभा कर. डावा हात पाठीमागे जमिनीवर टेक आणि कमरेपासून डावीकडे वळ. उजवा हात मांडीवर पडू दे, त्याला काही काम देऊ नकोस. पाच श्वास. परत ये. मग अनुलोम-विलोम. नाकपुडी डाव्या हाताच्या अंगठ्यानं मिटायची. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल.

गायिकेच्या दातांचं वाचून बरं वाटलं. हात स्थिर झाला म्हणजे मनही जागेवर येतंय.

आता दुसरं. मे महिन्यात इथं नवी तुकडी सुरू होते. सव्वीस वर्षांत मी वर्ग बंद ठेवलेला नाही. माझं येणं जमेल असं दिसत नाही. खोलीला रंग तुम्हा दोघांना आवडेल तो द्या. माझे आशीर्वाद कुठूनही पोचतात, त्यांना तिकीट लागत नाही.

ताई


२ एप्रिल

ताई,

पत्र चार वेळा वाचलं. चारही वेळा तेच लिहिलेलं होतं.

नवी तुकडी. मला गोवर आला तेव्हा तू बारा दिवस कामावर गेली नव्हतीस, नोकरी जाता जाता राहिली होती. आणि आता माझ्या लग्नाला नवी तुकडी आडवी येते? ताई, मी दात बनवतो म्हणून काय मला काही कळत नाही?

मनात आहे ते लिहूनच टाकतो. मी अकरा वर्षांचा असताना ते शाळेतले सर तुला मागणी घालायला आले होते. तू म्हणालीस, भाऊ लहान आहे. मी दाराआड उभा होतो, सगळं ऐकलं. त्या दिवसापासून ते माझ्या मनात आहे. तुझं लग्न माझ्यामुळे राहिलं, आणि आता या वयात मी घोडनवरा बनून मांडव शोधत निघालोय. तुला हे टोचत असेल तर मी समजू शकतो. की मासोळीत काही खटकलं? न भेटताच? सांग तरी. तुझं हे असं टाइप केलेलं, मोजून मापून लिहिलेलं पत्र वाचलं की वाटतं, कुणी कचेरीतून उत्तर पाठवलंय.

तू नाही आलीस तरी सही मी करीन, तिला दिलेला शब्द आहे. पण मला ते माझं लग्न वाटणार नाही, एवढंच सांगतो.

आसनं करतोय. वक्रासनही करतोय.

ढब्बू


१० एप्रिल

मूर्खा,

त्या सरांना मी नाही म्हटलं कारण ते जेवताना मचमच आवाज करायचे. सगळं आयुष्य तो आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती. तू तिथं होतास, तुझं निमित्त सोयीचं पडलं. सदतीस वर्षं तू हे उरावर घेऊन फिरतोयस हे मला आधी कळलं असतं तर एक थोबाडीत देऊन तेव्हाच मोकळं केलं असतं.

मासोळीबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. उलट तिनं तुला पत्करलं म्हणून मी रोज तिचे आभार मानते. तुझं लग्न व्हावं हे माझ्याइतकं कुणालाच वाटलं नसेल.

येणं मात्र होणार नाही. कारण विचारू नकोस. माझ्यावर विश्वास आहे ना, मग एवढं सोडून दे.

या आठवड्यात भिंतीला टेकून बस आणि डावा हात बाजूनं वर नेत उजवीकडे झुक, बरगड्या ताणल्या जातील इतपत. डावं पाऊल घोट्यातून दहा वेळा गोल फिरव. संध्याकाळी पंधरा मिनिटं नुसता पडून राहा.

ताई


२२ एप्रिल

ताई,

आज कोटाचं माप द्यायला गेलो होतो. शिंप्यानं टेप लावला, काढला, पुन्हा लावला. चष्मा पुसून आला. मग म्हणाला, "साहेब, तुमचे दोन खांदे दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत." डावा मोकळा आणि खाली उतरलेला, उजवा अजून कानाला चिकटलेला. मला म्हणाला, डावीकडे वळून दाखवा, तर मी पार मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. उजवीकडे वळलो तर हनुवटी अर्ध्यावरच अडली.

मासोळी बरोबर होती. ती आधी हसली, मग तिनं मला पुन्हा दोन्हीकडे वळायला लावलं. घरी आल्यावर तुझी सगळी पत्रं मागून घेतली आणि टेबलावर ओळीनं मांडली. डावा पाय. डावा हात. डावा खांदा. नाकपुडीसुद्धा डाव्या अंगठ्यानं. ती म्हणाली, "मी पोहायला शिकवते, पण एवढं मलाही ठाऊक आहे. कुठलाही शिक्षक एका बाजूचं सांगितलं की दुसऱ्या बाजूचं सांगतोच. तुझी ताई सव्वीस वर्षं शिकवतेय. ती विसरलेली नाही."

मग मला तुझा नियम आठवला. जे स्वतः सकाळी केलं नाही ते सांगायचं नाही.

ताई, मी दिवसभर डावा सुळा पाहून त्याच्या जोडीचा उजवा बसवतो. जन्मभर हेच काम केलं. आणि नऊ आठवडे मी अर्धा व्यायाम करत राहिलो, तू सांगितलंस तेवढाच, आणि माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. वर तुला कचेरीतली म्हणालो. मला माझीच लाज वाटते.

तुझ्या उजव्या बाजूला काय झालंय? मी बॅग भरून ठेवली होती. मासोळीनं दारात अडवलं. म्हणाली, "आधी विचार. न विचारता जाऊन उभा राहिलास तर त्या दार उघडतील, पण तुला कधी माफ करणार नाहीत." म्हणून विचारतोय. खरं लिही.

ढब्बू


३० एप्रिल

ढब्बू,

तुझी मासोळी हुशार आहे. तिला दुखवलंस तर माझ्याशी गाठ आहे.

१९ नोव्हेंबर, सकाळचा वर्ग. मी वृक्षासन दाखवत होते. उजव्या पायावर उभी राहिले आणि मला तो पाय जाणवेचना. खाली पडले. बायकांना वाटलं, बाई काहीतरी नवीन दाखवतायत. दोघी-तिघी माझ्यासारख्या जमिनीवर आडव्यासुद्धा झाल्या. हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसले की तोंड एका बाजूला जातं.

अर्धांगवायूचा झटका होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दवाखान्यात नेलं, त्या वर्गातल्याच. अकरा दिवस तिथं होते. आता उजवा हात नावापुरता आहे, उजवा पाय काठीच्या भरवशावर. बोलताना जीभ जड होते, फोनवर तुला एका वाक्यात कळलं असतं. वर्ग नोव्हेंबरपासून बंद आहे. नवी तुकडी नाही, पुस्तिका नाही. टाइपरायटर डाव्या हाताच्या एका बोटानं चालतो, म्हणून आणला. तुझ्याशी इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

कळवलं नाही, कारण तू सगळं टाकून धावत आला असतास आणि इथंच राहिला असतास. मी तुला ओळखते. मग तुझं लग्नाचं पत्र आलं, तेव्हा तर ठरवलंच की आता काही कळू द्यायचं नाही.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. तुझं ते पत्र येईपर्यंत मी चटईकडे पाहिलंही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे, बाई जेवण ठेवून जायच्या. तू आसनं मागितलीस. तुला सांगायचं तर आधी मला करायला हवीत. म्हणून बाईंना म्हटलं, चटई अंथरा. डावा पाय उचलला, तेवढा उचलला गेला. तुझं दुसरं पत्र आलं, मग बसल्या बसल्या कमरेतून वळायला शिकले. तू विचारत गेलास म्हणून मी करत गेले. दुसऱ्या बाजूचं अंदाजानं लिहिता आलं असतं, पण हात धजावला नाही. वाटलं, तू सांगितलं तेवढंच करशील आणि तुझ्या लक्षात येणार नाही. शिंपी मध्ये येईल हे डोक्यात नव्हतं.

आणि लग्नाला का येत नाही तेही ऐक. लोक मला ताठ चालणारी बाई म्हणून ओळखतात. तुझ्या लग्नात लोकांनी तुमच्याकडे पाहायचं सोडून माझ्या पायाकडे पाहावं, अरेरे म्हणावं, हे मला सोसणार नाही. तुझ्यासमोरही मला तसं यायचं नाही. लाज वाटते रे. आजाराची लाज धरू नका, असं मी शेकडो लोकांना सांगत आले. माझ्यावर आल्यावर कळलं ते किती अवघड आहे.

ताई


६ मे

ताई,

पत्र लॅबमध्ये वाचलं. मग साच्यांच्या खोलीत जाऊन रडलो. बाहेर आलो तर गालाला प्लास्टर फासलेलं, सगळे विचारायला लागले कुठं पडलात.

आधी रागावतो. साडेपाच महिने, ताई. तू तिथं भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि मी इथं तुला माझ्या पोटाच्या तक्रारी सांगतोय. पुन्हा असं करू नकोस. झालं, राग संपला.

आता लाजेचं. हे तू कवळ्या बनवणाऱ्याला सांगतेस? माझ्याकडे रोज तोंडावर हात धरून माणसं येतात. गेल्या वर्षी एक बाई आली, नातवाच्या फोटोत यायचं नाही म्हणून कपड्यांच्या कपाटाआड लपली होती. ती हे सांगताना मी हसलो नाही, कारण तिला रडू येत होतं. अशा एकालाही मी कधी म्हटलं नाही की बरोबर आहे तुमचं, घरीच बसा. तुला कसं म्हणू?

तू कशी चालतेस याच्याशी मला काय करायचंय? तू त्या खोलीत असलीस की झालं. पण मी हट्ट धरणार नाही, तू ठरव. मासोळी म्हणते, लग्न पुढच्या वर्षी करू, पंचेचाळीस वर्षं थांबले तिथं एक वर्ष आणखी. ती हे मनापासून म्हणते आणि मीही. ती असंही म्हणते की पाण्यात शरीराचं ओझं कळत नाही, एकदा तुला तलावात उतरवायचंय. तीन उन्हाळे लागले तरी चालतील म्हणाली.

आणि माझं शिक्षण अर्धं राहिलंय. शिंप्यानं कोट तसाच ठेवलाय. उजव्या बाजूचं सांग. तुला जेवढं करता येईल तेवढंच लिही. एक बोट हललं तर एक बोट, मीही तेवढंच करीन.

ढब्बू


१८ मे

ढब्बू,

उजव्या बाजूचं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ आण. टेकतील असं नाही. दहा वेळा. काठी टेकून खिडकीपासून दारापर्यंत चाल, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. उजवा पाय पुढं टाकताना श्वास सोड, घाई करू नकोस. हे सगळं आज सकाळी केलेलं आहे.

लग्न पुढं ढकलायचं नाही. त्या पोरीला आणखी ताटकळत ठेवलंस तर बघ.

मी येते. खालच्या मजल्यावरच्या बाई सोबत येतील. स्टेशनवर मासोळीनं यावं, तू नाही. आदल्या दिवशी मी तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावर कुणाची खोली मिळाली तर तिथं उतरेन, नाहीतर हॉटेलात. तू मला कचेरीतच पाहायचंस.

दारापासून टेबलापर्यंत मी एकटी चालणार. कुणी हात धरायला धावायचं नाही, कुणी शाबास म्हणायचं नाही. तू तुझ्या जागेवर उभा राहा. पोट आत, खांदे खाली, श्वास लांब. मला वेळ लागेल.

ताई


८ जून

मासोळी,

सुखरूप पोचले. प्रवासात बाईंनी मला तुम्हा दोघांचे सगळे फोटो दोनदा दाखवले. ढब्बूचा कोट छान बसलाय, शिंप्याला माझ्यातर्फे सांग. नीट पाहिलं तर उजवा खांदा किंचित वर आहे, पण ते फक्त मला कळेल.

तुला एक विचारायचं होतं. त्या दिवशी दारातून टेबलापर्यंत मी मान वर केलीच नाही. नजर काठीच्या टोकावर आणि पायाच्या अंगठ्यावर, दुसरं काही दिसत नव्हतं, कानात माझाच श्वास. मध्येच गालिच्याच्या कडेला काठी अडली तेव्हा पुढं काहीतरी बोलणं चाललं होतं, ढब्बूचा आवाज होता. आणि टेबलाशी पोचून मान वर केली तर सगळी खोली उभी. ढब्बूला विचारलं, तर म्हणाला, खुर्च्या कमी पडल्या होत्या. तो खोटं बोलताना लहानपणापासून डावा कान खाजवतो, तसा खाजवत होता. तू सांग, काय झालं होतं?

ताई


१५ जून

ताई,

तुम्हाला सांगायचं नाही असं त्यानं मला बजावलं होतं. पण लग्नाला पंधरा दिवसच झालेत, इतक्यात मी त्याचं सगळं ऐकायला लागले तर पुढं कठीण जाईल.

तुम्ही दारात दिसलात तेव्हा तो ठरल्याप्रमाणे उभा होता, पोट आत, खांदे खाली. चेहरा पांढरा पडला होता, पण श्वास तुम्ही शिकवलात तसाच चालू होता, मी शेजारी मोजत होते. तुम्ही अर्ध्यावर आलात आणि काठी अडली. माझे बाबा उठायला लागले, त्यानं नुसत्या नजरेनं त्यांना खाली बसवलं. टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी एकदा घड्याळ पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. बाहेर आणखी दोन जोडपी थांबलेली होती. तिसऱ्यांदा घड्याळ पाहून ते म्हणाले, "त्या येतील सावकाश, आपण सह्या उरकून घेऊ."

तुमचा भाऊ हॉटेलात गार झालेला चहासुद्धा परत पाठवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तो त्यांना म्हणाला, "साहेब, मला मोठं करायला हिला चौदा वर्षं लागली. ही खोली ओलांडायला हिला चार मिनिटं लागतील. तेवढी मी थांबणार आहे, आणि तुम्हीही थांबा."

आवाज चढवला नाही. पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. अधिकाऱ्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि ते उठून उभे राहिले. मग माझे बाबा उठले, शिंपी उठला, लॅबमधली सगळी माणसं उठली. तुम्ही काठी सोडवून पुन्हा पाऊल टाकलंत तेव्हा कुणीही बसलेलं नव्हतं, आणि तुम्ही टेबलाला हात लावेपर्यंत कुणी बसलं नाही.

खुर्च्या पुरेशा होत्या, ताई. मी आदल्या दिवशी स्वतः मोजल्या होत्या.

तुमची,
मासोळी